क्रोम उतरवण्याआधी

आंबी गावातल्या एका शेडमध्ये गाड्यांच्या जुन्या भागांवरचा क्रोमचा मुलामा उतरवून नवा चढवणारा एक माणूस होता. वस्तू ॲसिडच्या टाकीत सोडण्याआधी तो गिऱ्हाइकाला तिच्यात तोंड बघायला लावायचा.

"एकजन म्हनला, नव्या क्रोममदी माजं तोंड बदललं. तवापासनं आदीच दावतो," त्यानं गंभीरपणे सांगितलं.

मी वारलेल्या वडिलांच्या मोटारसायकलच्या हेडलाइटचं गंजकं कव्हर नेलं होतं. हसू दाबून त्यात पाहिलं. पोचे पडलेल्या क्रोममध्ये माझं नाक फुगलं होतं, कान लांबले होते. हुबेहूब वडीलच दिसत होते.

"बगितलं? आता सोडू?" त्यानं हातमोजे चढवले.

"नको," मी म्हणालो.

त्यानं कव्हर फडक्यानं पुसून माझ्या हातात दिलं.

"न्या. लय जन असंच परत नेत्यात," तो समाधानानं म्हणाला. "धंदा बसला माजा, पन तक्रार एक न्हाई."