सात थरांचा पेला

पक्के हे त्यांचं आडनाव नव्हे. आमच्या नाटक कंपनीत रंगमंचावरचं सामान करायला ते आले, तेव्हा मुकुट सांगा, ढाल सांगा, सिंहासन सांगा, ते मान हलवून एवढंच म्हणत, "पक्कं." पंधरा दिवसांत साऱ्या कंपनीनं त्यांचं नाव पक्के करून टाकलं. खरं नाव पुढे बहुधा त्यांच्या बायकोलाच आठवत असावं, आणि ती लवकर गेली.

गंमत अशी की त्यांच्या हातचं काहीच पक्कं नसे. सगळं कागदाचं. रद्दीतली वर्तमानपत्रं, गव्हाच्या पिठाची खळ, थरावर थर, वरून सोनेरी रंग. भलीमोठी ढाल एका बोटावर तोलता यायची. दोन-अडीच तास टिकलं की झालं. पडदा पडला की डागडुजी. मी राणी होते आणि एकोणीस वर्षं शेवटच्या अंकात त्यांनी केलेल्या पेल्यातून विष प्याले. तो पेला इतका हलका होता की तो जड भासावा म्हणून मनगट कसं वाकवायचं, हे मला मुद्दाम शिकावं लागलं. लोक म्हणत, बाई, काय मरता तुम्ही. त्यातलं अर्धं मरण पक्क्यांच्या खळीचं होतं.

मग एका प्रयोगाला सेनापतीची तलवार राजाच्या छातीला लागली आणि ओल्या पानासारखी दुमडली. पावसाळी हवा होती, खळ सुटली होती. प्रेक्षागृह खदखदलं. राजा बिचारा हसू दाबत मेला. आम्ही विंगेत पोट धरून बसलो. पक्के मात्र एका खोक्यावर बसून दुमडलेली तलवार सरळ करत होते. मी जवळ गेले तेव्हा म्हणाले, "बाई, उभ्या आयुष्यात मी फक्त मोडणाऱ्या वस्तू केल्या. आता बास."

कंपनी बंद पडली तसं त्यांनी दुकान काढलं. कोपऱ्यावरची अरुंद जागा, वर चढायला दगडाच्या तीन पायऱ्या, आत चामड्याचा आणि यंत्राच्या तेलाचा वास. फ्लास्क, जाड तळाचे बूट, पट्टे, हत्यारांच्या पेट्या, बॅटऱ्या, जाड कापडाच्या पिशव्या. पाटी त्यांनी स्वतः रंगवली होती: पुरुषांना भेट द्यायच्या टिकाऊ वस्तू. मी विचारलं, पुरुषांनाच का? म्हणाले, "बायकांना दिलेली वस्तू कपाटात जाते, बाई. पुरुषांना दिलेली कुठं कुठं आपटते ते बघा."

गिऱ्हाईक मात्र बायकाच. कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ, कुणाचा बाप. पक्के वस्तू दाखवायच्या आधी माणसाची चौकशी करत.

एकदा माझ्यासमोर एक मुलगी आली. वडील निवृत्त होत होते, त्यांच्यासाठी मनगटी घड्याळ हवं होतं.

"हरवतात की मोडतात?" पक्क्यांनी विचारलं.

"कोण?"

"वडील तुमचे. वस्तू हरवतात की मोडतात? हरवत असतील तर माझ्याकडे काही नाही. मजबूत वस्तू हरवली तर ती दुसऱ्याकडे मजबूत राहते."

मुलगी हसली. "मोडतात. नळ बदलायला जातात आणि भिंत पाडून येतात."

"मग बसा."

त्यांनी घड्याळ काढलं, बाहेर गेले, खांद्याइतकं उंच धरलं आणि पायरीवर सोडलं. उचललं, सोडलं. तिसऱ्यांदा सोडलं. मग कानाला लावून तिच्या हातात दिलं.

"हे नको, काका. याला चरा पडलाय. नवीन द्या ना."

"नवीन टिकेल का ते मला माहीत नाही. हे टिकलंय, ते मी पाहिलंय."

अशी पद्धत. भेट द्यायची वस्तू आधीच पोचा आलेली, चरा पडलेली. सूटकेस असेल तर तिच्यावर स्वतः उभे राहायचे, पट्टा असेल तर खिळ्याला अडकवून लोंबकळायचे. बायका कुरकुरत, चिडत, पण न्यायच्या. माझ्या भावाला मी दिलेला फ्लास्क भाऊ गेला तरी घरात आहे. पोच्यासकट.

पक्क्यांना एकच मुलगा. बोटीवर इंजिनाच्या खोलीत फिटर होता, म्हणून सगळे त्याला फिटरच म्हणत. आठ महिने पाण्यावर, दोन महिने घरी. दर खेपेला निघताना पक्के त्याला दुकानातलं एक काहीतरी देत, आणि तो परत आला की गळामिठी वगैरे काही नाही. आधी बॅग उघडायची. बूट, चाकू, मग, बॅटरी, सगळं टेबलावर ओळीनं मांडायचं आणि भिंगातून बघायचं. कुठं घासलं, कुठं गंजलं, शिवण कुठं उसवली.

फिटर दारात उभा राहून म्हणायचा, "बाबा, मीपण आलोय. मलाही बघा एकदा."

"तुझं काय बघायचं? तू घरचा आहेस."

आम्ही हसायचो. मीही हसलेय, तिथंच स्टुलावर बसून.

एका खेपेला बुटांमध्ये खोट निघाली. डाव्या बुटाचं पुढचं टोक झिजून आतलं अस्तर दिसत होतं. उजवा बूट ठणठणीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांची वस्तू हरली होती. पक्क्यांचा चेहरा पाहवेना. त्यांनी बूट बनवणाऱ्या कारखान्याला चार पानी पत्र लिहिलं, माझ्याकडून वाचून घेतलं, तापलेले शब्द मीच दोन ठिकाणी सौम्य केले. फिटर म्हणत होता, "जाऊ द्या ना बाबा, जिने चढताना घासलं असेल." पक्के म्हणाले, "घासायला उजवा पाय जिने चढत नाही का?"

प्रश्न बरोबर विचारला होता त्यांनी. फक्त बुटाला विचारला.

कारखान्यानं माफी मागितली आणि नवा जोड पाठवला. पुढे लोखंडी टोपी बसवलेला, पहिल्यापेक्षा बराच जड. पक्क्यांनी तो पायरीवर आपटला, खूश झाले. फिटर तो जोड घालून गेला. दुकानाच्या तीन पायऱ्या उतरताना त्यानं भिंतीला हात लावला. मी पाहिलं ते. मला वाटलं, नवे बूट आहेत, चावत असतील.

सहाव्या महिन्यात तो बोटीच्या लोखंडी जिन्यावरून पडला. घरी आणला तेव्हा डावा पाय ओढत होता आणि बुटाची लोखंडी टोपी पुढून चकचकीत घासली गेली होती.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते पक्क्यांनी मला एका वाक्यात सांगितलं. "अंगातला जोर जातो म्हणे, बाई, एकेका स्नायूतून, आणि गेलेला परत येत नाही." औषध नव्हतं. सहा महिने आधी कळलं असतं तर काही फरक पडला असता का, हे त्यांनी डॉक्टरांना तीन वेळा विचारलं. डॉक्टर तिन्ही वेळा नाही म्हणाले. पक्क्यांनी ते मान हलवून ऐकलं आणि त्यावर काडीचाही विश्वास ठेवला नाही.

पाय गेले, मग डावा हात. उजवा उरला होता, तोही थरथरता. फिटरनं बापाकडे एकच मागणं केलं. "मला कपडे तुम्ही घाला, अंघोळ तुम्ही घाला. चहा तेवढा माझ्या हातानं पिऊ द्या. जोवर जमेल तोवर."

पक्क्यांनी दुकानातला स्टीलचा मग आणला. फिटरला तो उचलेना. फ्लास्कचं झाकण आणलं, तेही टेबलावरून दोन बोटं वर आलं आणि पडलं. पडलं तरी त्याला काही झालं नाही, हे पक्क्यांनी सवयीनं तपासलं आणि मग ते तसंच हातात धरून उभे राहिले. घरातला कप जड, काच जड. मी प्लास्टिकचा पातळ ग्लास नेला. त्याच्या बोटांना किती दाबायचं ते कळत नव्हतं. ग्लास चेपला आणि चहा मांडीवर सांडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पक्के माझ्या दारात.

"बाई, तुमचा तो विषाचा पेला आहे का हो?"

ट्रंकेत होता. उंदरांनी काठ कुरतडला होता, सोनेरी रंगाचे पोपडे निघत होते. त्यांनी तो तळहातावर घेतला, वरखाली केला.

"सात थर," म्हणाले. "काय फालतू वस्तू करत होतो मी."

आणि रडले. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, बायको गेली तेव्हाही.

हत्यारांच्या पेट्या बाजूला सारून त्यांनी दुकानातच खळ शिजवली. मी कागदाच्या पट्ट्या फाडून दिल्या. कापायच्या नाहीत, फाडायच्या. फाटलेली कड बसते चांगली. एका वाटीवर सात थर चढवले, तीन दिवस सुकवलं, आतून मेण फिरवलं. कान मोठा, चार बोटं सहज जातील असा. रंग दिला नाही.

फिटरनं पेला उचलला. हात हलत होता, पण पेला ओठांपर्यंत गेला. कोमट चहा तो प्याला आणि खाली ठेवताना हसला.

"बाबा, पायरीवर नाही आपटलात?"

"गप पी."

"किती टिकेल?"

"दोन दिवस. मेण सुटलं की गेला."

"मग मला पुरेल," तो म्हणाला. असे विनोद तो करायचा. पक्क्यांना ते सोसत नसत, पण अडवत नसत.

त्यानंतर दुकानाच्या फळ्यांवर बूट आणि फ्लास्क मागे गेले आणि पुढे पेले सुकत राहिले. एकाआड एक दिवस नवा. पंधरवड्यानं सात थरांचा पेलाही जड होऊ लागला. पक्क्यांनी सहा केले. मग पाच. एकाऐवजी दोन कान, मग कानाच्या जागी मनगट अडकवायला कागदाचंच कडं. चार थरांचा पेला एक दिवस टिके. तीन थरांचा एका चहापुरता. रिकामा होईपर्यंत तळ मऊ पडायचा. पक्के दिवसाला दोन करू लागले. मी पट्ट्या फाडत बसायचे. बाहेर एखादी बाई येऊन विचारायची, भावासाठी काही मजबूत आहे का, आणि पक्के खळीतले हात बाहेर न काढता म्हणायचे, "आज नाही."

शेवटी त्यांनी दोन थरांचा केला. सुकल्यावर उजेडात धरला तर पलीकडची खिडकी दिसत होती. नेण्याआधी मेण फिरवून त्यात पाणी ओतलं. पाणी क्षणभर राहिलं, मग तळाशी काळसर डाग उमटला, पसरला आणि त्यांच्या तळव्यातून खाली ठिबकू लागलं. त्यांनी दुसरा करून पाहिला. तिसरा.

"दोन थरांत चहा राहत नाही, बाई," ते म्हणाले. "आणि तीन थर त्याला उचलवत नाहीत."

ते घरी गेले. मी मागून गेले. फिटरनं त्यांचे रिकामे हात पाहिले आणि तोच म्हणाला, "पुरे, बाबा. चमचा आणा."

पक्क्यांनी चमच्यानं चहा पाजला. फिटरनं डोळे मिटून घेतले होते. पुढच्या महिन्यात तो गेला.

दुकान अजून आहे. पेले पक्क्यांनी एकेक करून बंबात जाळले; लोखंडी टोपीचा जोड मात्र तिथंच फळीवर आहे, कुणी विचारलं तर विकायचा नाही म्हणतात. गिऱ्हाइकाला ते आता हरवतात की मोडतात असं विचारत नाहीत. विचारतात, "चालतात कसे? बूट पाहिलेत का त्यांचे? एकाच पायाचं टोक झिजलंय का?" बायकांना ते अभद्र वाटतं. नवऱ्याच्या वाढदिवसाला काहीतरी घ्यायला यावं आणि हे ऐकावं. त्या पायरीवरूनच परत जातात. आता फारशा येतही नाहीत.

मागच्या आठवड्यात मी गेले. नातू पहिल्या नोकरीवर निघाला होता, त्याला काही द्यायचं होतं. पक्क्यांनी मलाही तेच विचारलं. मी घरी आले, दारामागचे त्याचे बूट उचलून उजेडात पाहिले. टोकं दोन्ही शाबूत, टाचा सारख्या झिजलेल्या. परत जाऊन सांगितलं.

"नीट पाहिलंत?"

"नीट पाहिलं. दोन्ही पाय."

"मग फ्लास्क न्या."

त्यांनी फ्लास्क काढला, पुसला, पायरीपाशी आले, खांद्याइतका उंच धरला. आणि तसेच उभे राहिले. फ्लास्क सोडेनात. मी वाट पाहिली. शेवटी त्यांनी फ्लास्क माझ्याकडे दिला.

"तुम्ही टाका, बाई."

मी तीनदा टाकला. एक पोचा आला. फ्लास्कला काही झालं नाही.