अर्धी भिंत

पावसच्या आत्माराम रंगाऱ्याचा पंचक्रोशीत लौकिक होता तो नजरेसाठी. जुन्या भिंतीचा एक पोपडा घरी न्यायचा आणि पांढऱ्यात थेंब थेंब पिवळा, काळा मिसळत तोच रंग हुबेहूब उतरवायचा. अशी पस्तीस वर्षं गेली. मग चैत्रात रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितलं की साखरेने डोळ्यांचे पडदे खाल्लेत, गेलेली नजर परत येणार नाही. हे त्याने बायकोला, मालनलाही सांगितलं नाही.

थंडीत सुरय्याभाभीने बोलावलं. नवरा गनी कतारला, मुलगी अलफियाचा निकाह ठरलेला. बैठकीच्या खोलीसाठी तिने भिंतीवर दोन पट्टे मारून ठेवले होते. एक सायीसारखा, दुसरा राखेकडे झुकणारा पांढरा. संध्याकाळच्या उजेडात कुठला खुलेल, हे तिला त्याच्याकडून हवं होतं.

आत्माराम खिडकीशी गेला, मागे सरला, मान कलती केली. त्याला एकसारखी भिंत दिसत होती. शेवटी त्याने तिलाच विचारलं, तुमचं मन कशावर आहे? सायीवर, ती म्हणाली. त्याने मान डोलावली, जणू त्यालाही तेच दिसलं होतं.

भाभीने सायीचे दोन डबे आणले, आतल्या खोलीसाठी राखी एक. तिसऱ्या दिवशी चौथ्या भिंतीच्या मध्यावर डबा संपला. त्याने पडवीतून दुसरा उचलला, झाकण उघडलं, रोलर फिरवत राहिला.

दुपारी भाभी चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"आत्मारामभाऊ, अर्धी भिंत वेगळी झालीय."

तो भिंतीजवळ गेला. नाक टेकेल इतका जवळ.

"कुठनं, भाभी?"

चहा खाली ठेवून तिने त्याचं मनगट धरलं आणि बोटं ओल्या भिंतीवर टेकवली. "इथनं."

तिने रागाचा शब्द काढला नाही. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्या रात्री त्याने मालनला सगळं सांगितलं. ती रडली, मग त्याचा जेवणाचा डबा घासून फळीवर उपडा ठेवला.

खोली दुसऱ्या कुणी पुरी केली. लग्नसराईची कामं अजून आत्मारामला येत होती. प्रत्येकाला तो एकच सांगायचा, "शिमग्यापर्यंत मोकळा नाही." आणि अंगणात बसून राहायचा.