हिरव्यातली विहीर

आमच्या बौद्धवाड्यात सातबारा असलेलं घर एकच, आमचं. रान दीड एकर, पण आप्पांचा सगळा तोरा त्यातल्या विहिरीचा. "माझी आई दुसऱ्याच्या हिरीवर पाणी वाढा म्हणून उभी ऱ्हायची," ते मला सांगायचे. "तुज्या आईवर ती पाळी न्हाय आली." मग आई म्हणायची, "झाली सुरू ह्यांची टेप."

दोन हजार सालानंतर आमच्या शिवारात, कागलच्या अलीकडं, मळीपासून गाड्यांचं इंधन करणारा कारखाना येणार असं ठरलं. ठरल्यावर आम्हाला कळलं. आधी रानारानांतून फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडल्या. एक रेघ आमच्या विहिरीच्या कठड्याला घासून गेली. घागर घेऊन ती ओलांडताना आई थबकायची. मला तर ती रेघ बघवतच नव्हती.

सुनावणी शाळेच्या पटांगणात झाली. शिकलेली म्हणून आप्पांनी मला पुढं बसवलं. समोर मोठा रंगीत नकाशा. कारखाना लालभडक, आमचं रान मात्र हिरवं. साहेबांनी त्यावर काठी टेकवली. "हा हरित पट्टा."

आप्पांचा चेहरा खुलला. कोल्हापुरात मामाचा प्लॉट हरित पट्ट्यात निघाला होता आणि त्याला घर बांधायला परवानगी मिळत नव्हती. ते आप्पांना पक्कं ठाऊक होतं. "हिरव्याला कोण हात लावत न्हाय की," ते माझ्या कानात म्हणाले.

मी मात्र उठून विचारलं, "साहेब, तिथं नक्की काय होणार?"

"बाई, तिथं एक वीटसुद्धा चढणार नाही."

सगळ्यांच्या आधी आप्पांनी टाळी वाजवली.

साहेब शब्दाला जागले. मेले अगदी शब्दालाच जागले. वीट चढलीच नाही. कारखान्याभोवती झाडं लावावी लागतात म्हणे, तोच हरित पट्टा. त्या झाडांसाठी आमचं रान विहिरीसकट संपादनात गेलं. तारेचं कुंपण पडलं. वारा फिरला की आंबूस वास थेट चुलीपर्यंत यायचा.

कुंपण पडलं त्याच दिवशी आई शेजारच्या मळ्यात पाण्याला गेली. भरली घागर उतरवून ती चुलीपुढं बसली.

"काय म्हणाल्या मळ्यातल्या बायका?" मी विचारलं.

"काय न्हाय. जरा लांब उभी ऱ्हा, वाढतो म्हणाल्या."

आप्पा उंबऱ्यावरच होते. त्या दिवशी त्यांनी पाणी मागितलं नाही.