तीस खोटी कार्डं

कॉम्प्युटर लॅबमध्ये काय गंमत असणार, असं आमच्या स्टाफरूममधल्या सगळ्यांना वाटतं. त्यांचं काही चुकत नाही. पण मी इथं असिस्टंट म्हणून लागले तेव्हापासूनचे किस्से इतके साचलेत, की डबा खाताना एक सांगायला घेतला तर भाजी गार होते. ड्रायव्हर या शब्दावरचा विनोद मात्र सगळ्यांचा करून झालाय, तो मी सोडून देते.

आमचं कॉलेज परभणीचं, आणि पोरी जास्त करून खेड्यातल्या. झरीची शुभांगी एसटीनं येते, पिंगळीची रेहाना रेल्वेनं. लॅबमधले जुने संगणक एकेक करून मान टाकायला लागले, तेव्हा संस्थेनं लॅब बंद करून तिथं फर्निचर ठेवायचं ठरवलं. लॅबचे प्रमुख काझी सर म्हणाले, तीस संगणक देऊ नका, एक मोठा सर्व्हर द्या. त्याच्या पोटात मी तीस संगणक चालवून दाखवतो, पोरींपुढं जुनेच स्क्रीन आणि कीबोर्ड राहतील. नाही चालले तर खोलीची किल्ली मीच आणून देईन. लॅब गेली तर शहरातला क्लास या पोरींना कुठून परवडणार!

* * *

सर्व्हरच्या पोटातले संगणक खोटे, म्हणजे व्हर्च्युअल. त्यांना नेटवर्क कार्डही खोटंच लागतं. त्यात दोन जाती. एक कार्ड जुन्या खऱ्या कार्डाची हुबेहूब नक्कल करतं आणि त्या नाटकातच दमून जातं. दुसरं सरळ कबूल करतं की बाबा मी खोटं आहे, आणि कामाला लागतं. सरांनी अर्थात दुसरं निवडलं.

पण त्याला वेगळा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, हवा. पहिला संगणक सुरू केला तर त्यानं अदबीनं विचारलं, ड्रायव्हर इंटरनेटवर शोधू का?

सरांनी स्क्रीनकडे बघितलं. "बेटा, इंटरनेट असतं तर तुला कशाला त्रास दिला असता?"

शेवटी सर्व्हरमध्येच ड्रायव्हरच्या सीडीची एक फाइल सापडली, तीच सीडी म्हणून जोडली. खोट्या संगणकात खोट्या सीडीवरून खोट्या कार्डाचा ड्रायव्हर टाकला, आणि खरं इंटरनेट आलं! सरांनी सगळ्यांना भजी खाऊ घातली. तीही खरी.

* * *

स्टोअरचे कदम मामा म्हणजे नियमाला पक्के. कॉलेजात नवीन काही आलं की त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर टाकल्याशिवाय ते कुणाला हात लावू देत नाहीत. आमच्या झाडूवरसुद्धा नंबर आहे.

सरांनी हौसेनं अहवालात लिहिलं होतं, नवीन नेटवर्क कार्डं तीस. मामा डबा आणि ब्रश घेऊन हजर. मी त्यांना समजावलं की कार्डं आहेत, पण हात लावता येत नाही, दिसतही नाहीत. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"दिसत न्हाईत ते कळलं. पन हायेत ना? मग नंबर पायजे."

आजही आमच्या सर्व्हरच्या पाठीवर सुंदर अक्षरात लिहिलेलं आहे: नेटवर्क कार्ड १ ते ३०, आत आहेत.

* * *

मग माझा पराक्रम. एक संगणक नीट तयार केला आणि त्याच्याच तीस प्रती काढल्या. कार्डाचा पत्ताही प्रत्येकात तोच गेला. म्हणजे गल्लीतल्या तीस घरांना एकच घर नंबर! पोस्टमननं पत्र टाकायचं कुठं?

शुभांगीचं नेट आलं की रेहानाचं जायचं, रेहानाचं आलं की शुभांगीचं. दोघींची खात्री पटली की दुसरीच मुद्दाम काहीतरी करायलीय. रेहाना स्वतःचं काम सोडून शुभांगीच्या पाठीमागं पहाऱ्याला उभी राहिली. मी सगळे पत्ते बदलले, तीसच्या तीस संगणकांवर एकदम नेट आलं, पोरींनी बाकं बडवली, आणि माझे डोळे भरून आले.

या दोघी मात्र पुढचे कितीतरी दिवस बोलत नव्हत्या.

* * *

आणि मग संस्थेचे अध्यक्ष आले. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. सगळी हयात कापसाच्या जिनिंगमध्ये गेलेली, माणूस मायाळू, पण शब्द शेवटचा. त्या दिवशी त्यांनी नाही म्हटलं असतं तर संध्याकाळी लॅबमध्ये बाकडी येऊन पडली असती.

सरांनी गॅदरिंगचा भलामोठा व्हिडिओ एका संगणकावरून दुसऱ्यावर पाठवला. पापणी लवायच्या आत पोचला.

"करा सुरू," अण्णा म्हणाले.

"झालं, अण्णा."

"काय झालं? मला तर काईच दिसलं न्हाई."

सरांनी पुन्हा पाठवला. पुन्हा तेच. अण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या. सरांनी एक संगणक मुद्दाम जुन्या, नक्कल करणाऱ्या कार्डावर ठेवला होता, फरक दाखवायला. घाईघाईनं त्याच्यावर तोच व्हिडिओ पाठवायला घेतला. किती पोचला ते दाखवणारी हिरवी पट्टी स्क्रीनवर मुंगीच्या चालीनं निघाली.

अण्णांनी खुर्ची ओढली. चहा मागवला. पट्टी अर्ध्यावर आली तसे ते पुढं सरकून बसले, शुभांगीला म्हणाले, "सरकायलीय बघ." पट्टी भरली तेव्हा त्यांनी चक्क टाळी वाजवली.

"याला म्हनायचं मशीन! काम चालल्यालं दिसायलंय. काझी सर, लॅब इथंच ऱ्हाईल."

सर काहीतरी समजावून सांगायला तोंड उघडत होते. मी बिस्किटाची बशी त्यांच्यापुढं धरली.

अण्णा दारापर्यंत गेले, थांबले, आणि मागं वळून त्यांनी बाकीच्या एकोणतीस संगणकांकडे बोट केलं.

"तेवढे दुरुस्त करून घ्या."