सामान्य गणिताचा फॉर्म

मी नववीत गेले त्या साली पावसानं सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवली होती. गावाकडची विहीर आटली, आणि आईला शहरात मुलींच्या एका मेसमध्ये पोळ्यांचं काम मिळालं, म्हणून आम्ही शेंद्र्याजवळचं गाव सोडून गारखेड्याच्या पलीकडं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. वडील शेंद्र्याच्याच एका कारखान्यात हेल्पर होते. ज्या भागातून आम्ही उठून आलो, तिकडंच ते रोज कंपनीच्या बसनं परत जायचे.

आमची वस्ती नवी होती. रस्ते आखलेले, प्लॉट पाडलेले, पण नळ नव्हते. तीन दिवसाआड टँकर यायचा, दहा ते एकच्या मधी कधीही. आईवडील कामावर, भाऊ लहान. पाणी भरायला मीच. शाळा अकराची आणि पहिला तास गणिताचा. टँकरच्या दिवशी मी शाळेत पोचायचे तेव्हा फळा पुसलेला असायचा.

मला गणित येत नव्हतं असं नाही. भूमिती तर फार आवडायची. काय दिलंय ते पक्षात लिहायचं, काय सिद्ध करायचंय ते साध्यात, आणि मग सिद्धतेची एकेक ओळ. प्रत्येक ओळीपुढं कंसात कारण. कारण नसेल तर ओळ चालत नाही, हे मला मनापासून पटलं होतं. माणसं कारण न देता इतकं काही बोलतात, आणि इथं एक कोन दुसऱ्याएवढा आहे म्हणायलाही कारण लागतं. बीजगणिताचं तसं नव्हतं. त्यात एक दिवस बुडाला की पुढचे चार दिवस कळत नसत. बहुपदी बुडाल्या, मग समीकरणं आली. मी मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घ्यायचे, पण उतरवणं म्हणजे समजणं नव्हे.

दुसऱ्या घटक चाचणीत मी नापास झाले. आमच्या वर्गाच्या मॅडमनी वडिलांना बोलावलं. ते रात्रपाळी करून, न झोपताच, कंपनीच्या कपड्यांत आले. ऑफिसात मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, तरी ते उभेच राहिले.

मॅडम म्हणाल्या, "हिची हजेरी बघा. अशानं दहावीत गणितात राहील ती. त्यापेक्षा सामान्य गणित देऊ. सोपं असतं. निघून जाईल."

"पास होईल ना पण?" वडिलांनी विचारलं.

"होईल की. आणखी आठ-दहा जणांना देतोय आम्ही."

"पुढं काय अडचण नाय ना?"

"आर्ट्स, कॉमर्स सगळं उघडं आहे." मग त्या माझ्याकडं वळल्या. "तुला काय वाटतं गं?"

मी म्हणाले, "चालेल."

मॅडमनी पुढं केलेल्या फॉर्मवर वडिलांनी सही केली. त्या वेळी मला वाईट वाटलं नाही, हे आज लिहायला जड जातंय. मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता टँकर कधीही आला तरी चालणार होता.

गणिताच्या तासाला आम्ही नऊजण उठून प्रयोगशाळेत जाऊन बसायचो. तिथं शेकडेवारी होती, सरळव्याज होतं, खोलीला फरशी किती लागेल ते होतं. शिकवायला ज्यांचा तास मोकळा असेल ते सर येत, कधी कोणीच येत नसे. पक्ष, साध्य हे शब्द पुन्हा कानावर पडले नाहीत. दहावीला मला त्या विषयात वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले. वडिलांनी पेढे वाटले.

पुढच्याच आठवड्यात ते मला घेऊन तंत्रनिकेतनात गेले. त्यांच्या कारखान्यात डिप्लोमा झालेली एक मुलगी लागली होती. सगळे तिला मॅडम म्हणतात, असं ते घरी दोनतीनदा सांगून बसले होते. खिडकीतल्या माणसानं मार्कलिस्ट पाहिली आणि परत दिली.

"सामान्य गणित आहे. याच्यावर प्रवेश होत नाही."

वडील म्हणाले, "साहेब, मार्क बघा ना. लई चांगले मार्क हायेत."

"मार्कांचं नाही हो काका. विषयच चालत नाही. पुढचे कोण?"

मी अकरावी आर्ट्सला गेले. कोणीतरी सांगितलं, बाहेरून फक्त गणित घेऊन दहावीच्या परीक्षेला बसता येतं. मी जुनी पुस्तकं आणली आणि नववीच्या बहुपदींपासून सुरू केलं. शिकवणीवाल्या सरांनी आठ दिवस पाहिलं आणि म्हणाले, "तुझा पायाच नाही बेटा, दोन वर्षांचं मी दोन महिन्यात कसं भरू?" तरी मी परीक्षेला बसले. भूमितीचा पेपर बरा गेला. बीजगणितात वर्गसमीकरणाशी पाऊण तास झगडले आणि ते कोरंच सोडलं. सात मार्क कमी पडले. पुढच्या खेपेला नऊ.

दुसऱ्या निकालाच्या संध्याकाळी वडील दारात बसून म्हणाले, "मी सही नव्हती करायला पाहिजे."

मी म्हणाले, "असू द्या आता."

मीही 'चालेल' म्हणाले होते, हे ते विसरले होते. मी आठवण करून दिली नाही. अजूनही पाहुण्यांत विषय निघाला की ते सगळा दोष स्वतःकडं घेतात, आणि मी चहा ठेवायला उठते.

मी आता शेंद्र्यालाच पॅकिंगमध्ये आहे. आमच्या वस्तीत चारमजली इमारती झाल्या, नळही आले. आठवड्यातून एकदा पाणी येतं.

गेल्या वर्षी गारखेड्याच्या भाजीबाजारात शाळेतल्या त्या मॅडम दिसल्या. केस पिकलेले. मी पुढं होऊन नमस्कार केला, शाळेचं नाव सांगितलं.

"कोणती बॅच गं?"

"सामान्य गणितवाली. प्रयोगशाळेत बसायचो आम्ही."

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला, पण त्यांना आठवेना. मग हसून म्हणाल्या, "पण पास झालीस ना?"

"झाले मॅडम."

"मग छान."

मला आणखी बोलायचं होतं. काय, ते नीट जुळवता येईना. तोवर त्यांनी मेथीची जुडी उचलून भाव विचारला होता. मी थोडा वेळ तिथंच उभी राहिले. त्यांनी पुन्हा वळून पाहिलं नाही, आणि मी घरी निघाले.