ओरिजिनल येईपर्यंत

आमच्या घरात मराठीचा मुख्य उपयोग परक्यांसमोर बोलण्यासाठी होतो. साडीच्या दुकानात अप्पा दुकानदाराशी तमिळमध्ये गोड बोलतात आणि त्याच दमात आईकडे वळून मराठीत सांगतात, ‘उठ, लुटतोय हा.’ डॉक्टरांच्या खोलीत, बँकेत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हेच. आमचे पूर्वज तंजावुरात येऊन किती पिढ्या झाल्या हे अप्पा कोणालाही सांगतील, पण इतक्या पिढ्यांत ही भाषा आमच्या घराबाहेरही कोणाला येत असेल, हे त्यांच्या मनात येत नाही.

मी स्वतः मराठी बोलते कमी, ऐकते जास्त. इंग्रजी शाळेत शिकले, देवनागरी मोठेपणी शिकले, आणि इथली बोलणी पुस्तकी मराठीत लिहिते आहे, कारण आमच्या घरची मराठी जशीच्या तशी लिहिली तर निम्मे शब्द तमिळ निघतील.

तर गाडी. आईचा मावसभाऊ परदेशी गेला तेव्हा त्याची लहानशी लाल गाडी अप्पांनी माझ्यासाठी घेतली. तिला टर्बो आहे हे घेताना कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी ओरत्तनाडूच्या एका कॉलेजात संगणक शिकवते. आधी बसने जायचे. त्या बसमध्ये आमच्या गल्लीतल्या, आईच्या भजनातल्या, कॉलेजातल्या अशा सगळ्या बायका असतात आणि माझं लग्न कधी, हा त्यांचा रस्ताभर पुरणारा विषय. मी हसायचे. हसून हसून गाल दुखायचे. गाडी आली आणि जाऊन-येऊन दोन तास मला कोणी काही विचारेनासं झालं. मी रेडिओसुद्धा लावत नसे.

मग ती गाडी बसायला लागली. बसायला म्हणजे बंद पडत नसे, पण एक पिवळा दिवा लागायचा आणि पाय कितीही दाबला तरी गाडी बैलगाडीच्या चालीने जायची. पहिल्यांदा झालं तेव्हा अप्पा म्हणाले, होतं. दुसऱ्यांदा ओरत्तनाडूच्या छत्राजवळ, म्हणजे जुन्या धर्मशाळेजवळ, झालं आणि माझ्या मागे ऊस भरलेला ट्रॅक्टर हॉर्न वाजवत आला. तेव्हा अप्पांनी जाहीर केलं की गाडी विकायची. त्यांच्या ओळखीचा एक डेंटिस्ट अशीच गाडी शोधत होता. रविवारी बघायला येणार होता.

मी गुरुवारी गाडी घेऊन मेडिकल कॉलेज रोडवरच्या गॅरेजमध्ये एकटीच गेले. मालक माझ्या काकांच्या वयाचा, हातात सोन्याचं कडं, चांगलं पुढे आलेलं पोट, इस्त्रीचा शर्ट. त्याने गाडीला संगणक जोडला आणि तमिळमध्ये म्हणाला, “थ्रॉटल बॉडी गेली.” मला कळलेलं नाही हे बघून त्याने समजावलं. इंजिनात हवा जायच्या वाटेवर एक गोल झाकण असतं. पाय दाबला की ते उघडतं. साध्या गाडीत हवा आपली आपण आत जाते, टर्बोच्या गाडीत ती दाबून आत ढकलली जाते, म्हणून झाकणाचा दांडा जरा जरी सैल झाला तरी हवा फटीतून निसटते आणि गाडीचा संगणक घाबरून वेगच बंद करून टाकतो. आधी कोणीतरी एकदा साफ केलेलं दिसत होतं, आता बदलायलाच हवं. कंपनीबाहेर बनवलेलं, आफ्टरमार्केट झाकण त्याच्याकडे होतं. कंपनीचं ओरिजिनल मागवायचं तर गाडीचा नंबर कळवला की पुरे, पण यायला दोन-तीन आठवडे.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो बाजूला वळला आणि म्हणाला, “आई, तू जेवून घे. मला उशीर होईल. भाजी ठेव जरा, झाकून.”

आमच्यासारखी मराठी नव्हती. हेल वेगळा, एक-दोन शब्द वेगळे. पण मराठीच. मी काय करायला हवं होतं? हसून, अय्यो, तुम्हीही का, असं म्हणायला हवं होतं. कोणीही म्हणालं असतं. मी खाली बघून पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली. ‘उद्या वडिलांना घेऊन येते,’ असं तमिळमध्ये सांगून रिक्षाने घरी आले.

दुसऱ्या दिवशी अप्पा आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे काका, माझ्याबरोबर आले. घरून निघताना सांगेन असं ठरवलं होतं, पण रिक्षात काका फोनवर थ्रॉटल बॉडीचे व्हिडिओ मोठ्या आवाजात लावून बसले होते. गॅरेजच्या दारात शिरता शिरता अप्पा मराठीत म्हणाले, “पोट बघ याचं. कमिशनवर वाढलंय.”

मालकाने पोट आत ओढलं. मी बघितलं.

“या सार, बसा,” तो तमिळमध्ये म्हणाला आणि खुर्च्या पुढे सरकवल्या.

मी खोकले. अप्पांनी माझ्याकडे बघून मराठीत विचारलं, “घसा धरलाय का तुझा?” मी मान हलवली. मालक आतल्या बाजूला ओरडून म्हणाला, “मॅडमना गरम पाणी आणा.” अप्पांना यात काहीच विचित्र वाटलं नाही. गरम पाणी आलं, ते मला प्यावं लागलं.

टेबलावर आफ्टरमार्केटचा नमुना होता. निळं, चकचकीत, ओरिजिनलपेक्षा तोंड मोठं. काकांनी ते बाळासारखं दोन्ही हातांत घेतलं.

“अण्णा, हेच घालू. तोंड मोठं म्हणजे हवा जास्त. हवा जास्त म्हणजे पळेल.”

“तिला पळून जायचंय कुठं?” अप्पा म्हणाले. “वस्तू ओरिजिनल पाहिजे.”

“सगळं ओरिजिनल कुठून आणणार? आपल्या राजांच्या मुदपाकखान्यात आमसूल मिळालं नाही म्हणून आमटीत चिंच घातली, त्याचं सांबार झालं, असं तुम्हीच सांगता ना सगळ्यांना? मग ते काय झालं? आफ्टरमार्केटच झालं.”

“ते जेवायचं असतं. हे घालून ओरत्तनाडूला जायचंय.”

मालक पाना पुसत होता. पाना आधीच स्वच्छ होता. त्याचे खांदे हलत होते.

“हा तेच निळं गळ्यात मारणार बघ,” अप्पा मराठीत पुढे म्हणाले. “मेकॅनिकच्या हातात सोन्याचं कडं. प्रामाणिक माणसाच्या हातात ग्रीस असतं.”

मी टाचेने अप्पांचा बूट दाबला. त्यांनी पाय काढून घेतला आणि मराठीत विचारलं की मला बसायला जागा पुरते आहे ना.

मालकाने कडं शर्टाच्या बाहीत सरकवलं, घसा साफ केला आणि तमिळमध्ये म्हणाला, “सार, उगाच लपवत नाही. या निळ्यावर मला थोडं सुटतं. कंपनीच्यावर काही सुटत नाही. पण तुम्ही विचारलंत तर या गाडीला मी कंपनीचंच घालेन. निळं शर्यतीला ठीक. रोज जायचं-यायचं तर त्याला गाडीच्या संगणकाशी जुळवून घ्यायला लागतं, आणि नाही जुळलं तर सिग्नलला उभी असताना गाडी गुरगुरते.”

अप्पा चकित झाले. “बघ,” ते काकांना मराठीत म्हणाले, “आपण न विचारता सांगितलं. माणूस बरा आहे.”

“मी कुठं वाईट म्हणालो?” काका म्हणाले. निळं अजून त्यांच्या मांडीवरच होतं.

इथवर सगळं चांगलं चाललं होतं. मग अप्पांनी आवाज न बदलता, मराठीतच, आपली खरी योजना सांगितली. ओरिजिनल छान, पण ते येईपर्यंत थांबायचं कशाला? डेंटिस्ट परवा येतोय. पिवळा दिवा दोन दिवस बंद करून घेऊ, त्याला गल्लीतल्या गल्लीत एक चक्कर मारू दे, पुढचं त्याचं तो बघेल. “फक्त याला कळू देऊ नको विकतोय म्हणून,” त्यांनी काकांना बजावलं, आणि मालकाकडे वळून तमिळमध्ये अगदी सहज विचारलं, “तो दिवा तेवढा बंद होतो का हो?”

मालकाने माझ्याकडे बघितलं. त्याला माहीत होतं की मला माहीत आहे. गुरुवारीच कळलं असणार, त्या पर्सच्या चेनवरून.

मी परक्यांसमोर मराठी बोलत नाही. खरं तर परक्यांसमोर काहीच बोलत नाही. त्या दिवशी मी अप्पांकडे तोंड केलं, नजर त्या निळ्या झाकणावर ठेवली आणि म्हणाले, “अप्पा, गाडी विकू नका. ओरिजिनल येईपर्यंत मी बसने जाईन. एक महिना लागला तरी जाईन. बसमध्ये सगळ्या मला विचारत असतात. घरी तुम्ही विचारता. गाडीत मला कोणी काही विचारत नाही.”

अप्पा गोंधळले. “हे इथं सांगायचं का?”

“सांगू दे की,” काका म्हणाले. “त्याला काय कळतंय?”

मालकाने हातातला पाना खाली ठेवला, दुसरा घेतला आणि गाडीचं बॉनेट उघडलं. “दिवा बंद करता येतो, सार,” तो तमिळमध्ये म्हणाला. “पण आत्ता जुनं झाकण मला काढून ठेवायला लागेल. त्याच्यावरचा नंबर बघून कंपनीकडे मागवतात. ते काढलं की गाडी जागची हलत नाही. नवीन आलं की बसवू.”

“आत्ताच काढायला लागेल?”

“आत्ताच, सार.”

गाडीचा नंबर कळवला की पुरतं, हे त्याने मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. मी उरलेलं गरम पाणी प्यायले. काका पुढे झाले आणि टॉर्च धरायला लागले.

पुढचे तीन आठवडे मी बसने गेले. भजनातल्या एका मावशींनी तिरुवैयारूच्या एका मुलाची माहिती पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत सांगितली आणि परत येताना त्याच्या धाकट्या भावाची सांगितली. डेंटिस्टला अप्पांनी फोन केला की गाडीचं झाकण काढलेलं आहे. त्याला काय समजलं कोण जाणे, त्याने दुसरी गाडी घेतली.

ओरिजिनल आलं ते करड्या रंगाचं, अगदी साधं. काकांनी ते बघून तोंड वाकडं केलं. बसवून झाल्यावर मालक म्हणाला, आता गाडीला हे झाकण ओळखू द्यायचं. किल्ली फिरवून आत बसायचं. पायाने काही दाबायचं नाही, एसी लावायचा नाही, कशाला हात लावायचा नाही. अप्पा बसायला निघाले होते, पण मालक तमिळमध्ये म्हणाला, “मॅडम बसू देत. त्यांना जमेल.”

मी बसले. काहीही न करता बसून राहणं मला येतं. बाहेर अप्पा काचेतून खुणा करत होते, झालं का, झालं का, आणि मी मान हलवतही नव्हते. मग मालकाने बोट वर केलं, मी इंजिन चालू केलं. ते आधी जरा अडखळलं, मग एकसारखं चालू लागलं. पिवळा दिवा लागला नाही.

निघताना अप्पांनी त्याचे हात हातात घेतले आणि मराठीत काकांना म्हणाले, “पोट असू दे, हात चांगला आहे.” मालक हसून तमिळमध्ये म्हणाला, “बायको रोज सांगते सार, कमी करा. करतो.” अप्पा म्हणाले, काय करतो? तो म्हणाला, काम, सार.

अप्पांना मी अजून सांगितलेलं नाही. ते आता सगळ्यांना या गॅरेजचा पत्ता देतात आणि वर सांगतात की त्या माणसाला त्यांनी नीट पारखून घेतलंय, त्याच्यासमोर बसून, त्याला एक अक्षर कळू न देता. त्यांच्यामुळे तिथे जाणाऱ्या मराठी घरांची संख्या वाढली आहे. मालक सगळ्यांचं ऐकून घेत असणार.

झाकण बसवलं त्या दिवशी घरी परतताना काका बसने गेले आणि अप्पा माझ्या शेजारी बसले. मोठ्या देवळाजवळच्या सिग्नलला गाडी उभी राहिली. गुरगुरली नाही. अप्पांनी खिडकीबाहेर बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, “ते तिरुवैयारूचं जे स्थळ भजनातल्या मावशी सांगत होत्या ना…”

मी पुढे बघत राहिले. सिग्नल लाल होता.

“घरी बोलू,” अप्पा म्हणाले आणि समोरच्या दिव्यांकडे, एक एक करून, बघत बसले.