तात्यांना ‘नको’ म्हणणारा

माझे चुलते बिराप्पा तात्या बेंबळीतल्या आमच्या घरात शिरले की संचारबंदी लागते. ते खाकरले की शंभर मेंढरं वळतात, आणि आम्ही पोरंपण. त्यांची लेक दीपालीताई बारावीला ब्याऐंशी टक्के घेऊन आली तर म्हणले, "बाकीचे अठरा कुठं सांडले?"

ती ताई आता जर्मनीत नर्स आहे. पाच वर्षांनी आली, तेपण आठच दिवस, सोबत चार वर्षांचा मल्हार. तात्यांनी नातू फक्त मोबाईलवर बघितलेला. आल्या आल्या हात पुढं केले तर ताई मधीच उभी!

"तात्या, आधी त्याला विचारा."

"काय विचारू?"

"उचलू का म्हणून. तिकडं असंच असतंय."

"कोकरू उचलताना विचारतो का म्या?"

"कोकरू न्हाय ते." बोलली कोण, तर ताई! जी ह्यांच्यासमोर जोरात शिंकायचीपण न्हाय!

मला वाटलं आता भांडी उडणार. तात्या मेंढरांत जाऊन आले, फेटा नीट केला आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी विचारलं, "उचलू का रं?"

"नको."

मेलो आम्ही सगळे. हरणाकाकू पदर तोंडात कोंबून चुलीकडं पळाली, हसायला. चाळीस वर्षं संसार करून तिला जे जमलं न्हाय ते पोरानं एका शब्दात केलं!

पण तात्या हट्टी. रोज सकाळी मेंढरं सोडायच्या आधी विचारायचे. रोज "नको". तिसऱ्या दिवशी लाच म्हणून कोकरू आणलं. मल्हारनं कोकराला विचारलं, "उचलू का?" ते "ब्यॅ" करून ओरडलं. "हो म्हणालं!" म्हणून ह्यानं उचललंपण. तात्या बघतच राहिले. मला लई वाईट वाटलं खरं, पण हसूपण आवरेना.

आठव्या दिवशी धाराशिव स्टेशन. गाडी आलेली, तात्यांचं तोंड तिसरीकडंच. मल्हारनं धोतर ओढलं.

"आजोबा, आज विचारलं नाहीस."

तात्यांनी फेटा नीट केला. "उचलू... का रं?"

"हो."

कोकरू घेतात तसा खांद्यावर घेतला, दोन्ही पाय घट्ट धरून. ताई रडतीय, मी तर नाकासकट रडतीय, तेवढ्यात तात्या गरजले, "अर्पे, बघतीस काय? बॅग उचल!"

"मला विचारा आधी," मी म्हणलं.

तात्यांनी असं बघितलं की मी दोन्ही बॅगा उचलल्या.